पॅसिव्हचे शेपूट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

'द ऑफिसर वॉज शॉट ॲट' या इंग्रजी वाक्याचा अर्थ 'अधिकाऱ्यावर गोळी झाडली' एवढाच. 'द ऑफिसर वॉज शॉट' म्हणजे मात्र 'अधिकाऱ्याला गोळी लागली'. पहिल्या वाक्यातला अधिकारी कदाचित धडधाकट घरी जेवायला गेला असेल, दुसऱ्यातला दवाखान्यात आहे. फरक 'ॲट' या दोन अक्षरांचा. इंग्रजी बातमीचे घाईघाईने मराठी करताना ही अक्षरे नजरेतून निसटतात, आणि शाळेत 'व्हॉइस चेंज' (कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह वाक्याचे कर्मणी म्हणजे पॅसिव्ह करणे) शिकताना तर ती पद्धतशीरपणे कापलीच जातात. दुसऱ्या गोष्टीतूनच पहिली उपजते, असे आमचे मत आहे. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाला चिकटते आणि नाम जाईल तिथे त्याच्याबरोबर जाते. 'डॉक्टरांनी रुग्णावर शस्त्रक्रिया केली' याचे 'रुग्णावर शस्त्रक्रिया करण्यात आली' असे केले, तरी 'वर' रुग्णालाच धरून राहतो. इंग्रजीत 'द सर्जन ऑपरेटेड ऑन द पेशंट' यातला 'ऑन' दिसायला पेशंटच्या शेजारी बसलेला आहे, पण त्याची गाठ पडलेली आहे ती क्रियापदाशी. पॅसिव्ह करताना पेशंट उठून वाक्याच्या तोंडाशी जातो, 'ऑन' मात्र जागचा हलत नाही: 'द पेशंट वॉज ऑपरेटेड ऑन'. मराठी कानाला हा 'ऑन' अधांतरी लटकल्यासारखा वाटतो. कशावर? पुढे तर काहीच नाही! मग तो गाळला जातो, आणि 'द पेशंट वॉज ऑपरेटेड यस्टरडे' असे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. 'ऑन' नसलेल्या 'ऑपरेट'चा अर्थ 'चालवणे'. लिफ्ट ऑपरेट होते, क्रेन ऑपरेट होते. पेशंट होत नाही.

गाइडमधले सूत्र सगळ्यांना पाठ असते: कर्म पुढे आणा, 'टू बी'चे काळाप्रमाणे रूप घाला, क्रियापदाचे व्ही-थ्री (तिसरे रूप) करा, मग 'बाय' आणि शेवटी कर्ता. आंबा खाणारा राम आणि पत्र लिहिणारी सीता या सूत्रात छान बसतात. 'एव्हरीबडी लाफ्ड ॲट हिम' हे वाक्य आले की पंचाईत होते, कारण सूत्रात 'ॲट'साठी जागाच ठेवलेली नाही. व्ही-थ्री लिहून झाले की विद्यार्थ्याचा हात आपोआप 'बाय'कडे वळतो आणि 'ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीबडी' हे अपंग वाक्य तयार होते. हवे होते 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीबडी'. 'ॲट' आणि 'बाय' अशी दोन अव्यये शेजारी-शेजारी आली की मुलांना ती छपाईची चूक वाटते, आणि कधी कधी पेपर तपासणाऱ्यालाही. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या घरची माणसे आहेत. 'ॲट' डावीकडच्या 'लाफ्ड'चा, 'बाय' उजवीकडच्या 'एव्हरीबडी'चा. मोठ्याने वाचताना अगदी बारीकसा थांबा 'ॲट'च्या नंतर घ्यायचा, आधी नाही.

उच्चारही इथे साक्ष देतो. 'लाफ्ड ॲट हिम' असे झपाट्याने बोलताना 'ॲट' आखडून जवळजवळ 'अट्' होतो. 'ही वॉज लाफ्ड ॲट' म्हणताना त्याचे कर्म निघून गेलेले असते, त्यामुळे तो पुरता उघड्या तोंडाने 'ॲट' असाच उच्चारला जातो. 'फॉर', 'टू', 'ऑफ' यांचेही तसेच. 'द डॉक्टर हॅज बीन सेंट फॉर' यातला 'फॉर' गिळला तर ऐकणाऱ्याला 'डॉक्टरांना पाठवले आहे' असे ऐकू येते. म्हणायचे असते 'डॉक्टरांना बोलावणे गेले आहे'.

वाक्य प्रिपोझिशनने ('ॲट', 'ऑन' यांसारख्या अव्ययाने) संपवू नये, असा एक नियम जुन्या वळणाच्या शिक्षकांकडून अजूनही ऐकू येतो. ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ मध्ये आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या लेखनात हा दोष काढला, आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्याचा कायदा करून टाकला. लॅटिनमध्ये तसे चालत नाही, म्हणून इंग्रजीत नको, असे ते तर्कट. पॅसिव्हच्या बाबतीत हा नियम पाळायचे ठरवले तर 'ही वॉज लाफ्ड ॲट' हे वाक्य लिहिताच येणार नाही. 'ॲट' पुढे हलवायला वाक्यात दुसरी जागाच नाही.

सूत्र मोडीत काढायची गरज नाही, त्यात एक डबा वाढवायचा आहे. आम्ही वर्गात त्याला शेपूट म्हणतो. फळ्यावरच्या ॲक्टिव्ह वाक्यात आधी क्रियापद आणि त्याचे शेपूट यांच्याभोवती एकच चौकट काढायची: 'लुक आफ्टर', 'लुक इंटू', 'डील विथ', 'रिफर टू', 'पे फॉर', 'शाउट ॲट'. मग व्ही-थ्री करायचे ते चौकटीतल्या फक्त पहिल्या शब्दाचे, आणि चौकट अखंड उचलून ठेवायची. 'बाय' यायचा तो चौकट संपल्यावर. 'द पोलीस आर लुकिंग इंटू द मॅटर' याचे 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू बाय द पोलीस'. शेपूट दोन शब्दांचे असले तरी रीत तीच. 'द बोर्ड डिड अवे विथ द ओल्ड रूल' याचे 'द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ बाय द बोर्ड'. इथे 'अवे विथ बाय' असे तीन छोटे शब्द ओळीने उभे राहतात. वाचायला ओबडधोबड, पण व्याकरणाने चोख. लिहिणाऱ्याने अशा वेळी 'बाय द बोर्ड' हा तुकडाच उडवावा. कर्ता सांगायची गरज नसणे हेच तर बहुतेक वेळा पॅसिव्ह वापरायचे कारण असते. 'माय पॉकेट वॉज पिक्ड बाय समवन' यातल्या 'बाय समवन'ने वाचकाला नवे काय कळते?

शेपूट दोन जातींचे असते, हे मात्र शिकवावे लागते. 'कॉल ऑफ'मधला 'ऑफ' हे क्रियाविशेषण, 'लाफ ॲट'मधला 'ॲट' हे प्रिपोझिशन. ओळखायची खूण सोपी आहे: कर्माच्या जागी 'इट' घालून पाहायचे. 'दे कॉल्ड इट ऑफ' होते, 'कॉल्ड ऑफ इट' होत नाही. उलट 'दे लाफ्ड ॲट इट' होते, 'लाफ्ड इट ॲट' होत नाही. ॲक्टिव्हमध्ये क्रियाविशेषण हिंडतेफिरते असते, म्हणजे 'कॉल्ड ऑफ द मॅच' आणि 'कॉल्ड द मॅच ऑफ' ही दोन्ही बरोबर. पॅसिव्हमध्ये दोन्ही जाती एकाच जागी, व्ही-थ्रीला खेटून. त्यामुळे परीक्षेपुरता भेद विसरला तरी निभावते.

शेपटाने अर्थ किती फिरतो, ते 'सर्च'वरून बघावे. 'द बॉय वॉज सर्च्ड' म्हणजे मुलाची झडती घेतली, खिसे तपासले. 'द बॉय वॉज सर्च्ड फॉर' म्हणजे मुलगा हरवला होता, त्याचा शोध घेतला. हरवलेल्या मुलाच्या आईला पहिले वाक्य ऐकवले तर काय होईल! 'द वर्कर्स वेअर पेड' म्हणजे मजुरांना पैसे मिळाले, 'द बुक्स वेअर पेड फॉर' म्हणजे पुस्तकांचे पैसे दिले गेले. 'अ स्ट्राइक वॉज कॉल्ड' संप पुकारला, 'कॉल्ड फॉर' संपाची मागणी झाली, 'कॉल्ड ऑफ' संप मागे घेतला. 'द ओल्ड मॅन वॉज टेकन इन' याचे तर दोन अर्थ होतात, म्हाताऱ्याला आसरा दिला किंवा म्हातारा फसला. कोणता ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरते.

क्रियापद, नाम आणि प्रिपोझिशन अशी तिघांची मोळी असेल तर पॅसिव्ह दोन रीतींनी होते. 'टेक ॲडव्हांटेज ऑफ' घ्या. 'द टूरिस्ट्स वेअर टेकन ॲडव्हांटेज ऑफ' यात मोळी न सोडता पर्यटक पुढे आले. 'फुल ॲडव्हांटेज वॉज टेकन ऑफ द ऑफर' यात मोळी सोडून 'ॲडव्हांटेज' पुढे आला. दुसरी रीत विशेषण घालायचे असेल तेव्हा सोयीची: 'नो नोटिस वॉज टेकन ऑफ द कम्प्लेंट', 'गुड यूज वॉज मेड ऑफ द हॉल'. पहिल्या रीतीत हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा 'ऑफ' खाणे. 'टेकन ॲडव्हांटेज' वर वाक्य तोडले की कानाला पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि मुले पेन खाली ठेवतात.

आता उलटी खोड. जिथे इंग्रजीत शेपूट नाही, तिथे मराठी डोक्याला ते उगवल्यासारखे वाटते. आपण मुद्द्या'वर' चर्चा करतो, म्हणून 'द इश्यू वॉज डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट'. दोन्ही चूक. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'मेन्शन', 'इन्व्हेस्टिगेट', 'एम्फसाइज' हे त्याच गोत्रातले. 'लुक्ड इंटू' चालते, 'इन्व्हेस्टिगेटेड इंटू' चालत नाही. अर्थ एक, घडण वेगळी. इथे पाठांतराला पर्याय नाही.

त्याहून जुनाट दुखणे म्हणजे अकर्मक क्रियापदाचे पॅसिव्ह. 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'द मीटिंग वॉज टेकन प्लेस', 'वॉर वॉज ब्रोकन आउट', 'ही वॉज पास्ड अवे'. अपघात 'झाला', सभा 'झाली' यातला 'झाला' विद्यार्थी 'वॉज' म्हणून उचलतो आणि पुढे क्रियापद जोडतो. 'हॅपन', 'ऑकर', 'टेक प्लेस', 'ब्रेक आउट', 'पास अवे' यांना कर्म घेता येत नाही, त्यामुळे पुढे आणायला काही उरत नाही, मग पॅसिव्ह कसले? 'कन्सिस्ट ऑफ'ही तसेच. 'द कमिटी इज कन्सिस्टेड ऑफ' नाही, 'कन्सिस्ट्स ऑफ'. पॅसिव्हच हवे असेल तर 'इज मेड अप ऑफ' आहे.

शेपूट आहे म्हणून पॅसिव्ह होईलच असेही नाही. 'अ डिसिजन वॉज अराइव्ह्ड ॲट' उत्तम, 'द स्टेशन वॉज अराइव्ह्ड ॲट' ऐकून इंग्रज माणूस हसेल. तुम्ही पोचल्याने स्टेशनला काहीच होत नाही. निर्णय मात्र तुम्ही पोचल्यानेच अस्तित्वात येतो. 'द बेड हॅड बीन स्लेप्ट इन' चालते, कारण पलंगावर सुरकुत्या उरतात. 'द सिटी वॉज स्लेप्ट इन' चालत नाही. म्हणजे पुढे येणाऱ्या नामावर क्रियेची काही खूण उमटली पाहिजे. 'रन आउट ऑफ' (संपणे) याचे पॅसिव्ह होत नाही, 'रन ओव्हर'चे होते: 'ही वॉज रन ओव्हर बाय अ ट्रक'. इथे व्ही-थ्री 'रन' आहे. 'वॉज रॅन ओव्हर' हा वेगळाच अपघात.

क्रियाविशेषणांच्या जागेबद्दल गाइडे बहुधा गप्प असतात, आणि चुका तर तिथे ढिगाने होतात. आपल्याकडे रोज लागणारे वाक्य घेऊ: 'हा रस्ता कधीच नीट दुरुस्त झालेला नाही.' इंग्रजीत 'द रोड हॅज नेव्हर बीन प्रॉपर्ली रिपेअर्ड'. 'नेव्हर', 'ऑफन', 'ऑलरेडी', 'प्रॉबब्ली' ही मंडळी पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच मागे बसतात, इथे 'हॅज'च्या. क्रिया कशी झाली हे सांगणारे 'प्रॉपर्ली', 'बॅडली', 'क्लोजली' हे थेट व्ही-थ्रीच्या पुढ्यात. मराठीतही 'कधीच' आधी आणि 'नीट' क्रियापदाजवळ येतो, त्यामुळे हा क्रम आपल्याला जड जायला नको. जड जातो तो 'बीन' मध्ये आल्यामुळे. 'हॅज बीन नेव्हर प्रॉपर्ली' असे सगळे एका ठिकाणी कोंबले जाते.

शेपूटवाल्या क्रियापदात आणखी एक पथ्य. ॲक्टिव्हमध्ये 'दे लुक्ड केअरफुली ॲट द प्लॅन' असे क्रियापद आणि 'ॲट' यांच्या मधे क्रियाविशेषण घुसू शकते. पॅसिव्हमध्ये ती फट बुजते. 'द प्लॅन वॉज लुक्ड केअरफुली ॲट' नाही. एकतर 'केअरफुली लुक्ड ॲट', नाहीतर 'लुक्ड ॲट केअरफुली'. चौकट अखंड ठेवायची असे वर म्हटले ते यासाठीही. 'वेल'ची गंमत वेगळी. 'दे लुक आफ्टर हिम वेल' यात तो शेवटी असतो, 'दे वेल लुक आफ्टर हिम' कोणी म्हणत नाही. पॅसिव्ह होताच तो पुढे यायला मोकळा होतो: 'ही इज वेल लुक्ड आफ्टर'. सगळे एकत्र केले की असे वाक्य उभे राहते: 'द कम्प्लेंट हॅज नेव्हर बीन प्रॉपर्ली लुक्ड इंटू बाय एनीवन'. यातला एकही शब्द दुसऱ्या जागी सरकवून पाहावा. बहुतेक ठिकाणी वाक्य कोसळते.

जागा बदलल्याने वाक्य कोसळत नाही पण अर्थ बदलतो, असेही होते. 'द नोट वॉज क्लिअरली रिटन बाय अ चाइल्ड' म्हणजे चिठ्ठी उघडउघड एखाद्या पोराने लिहिलेली आहे. 'द नोट वॉज रिटन क्लिअरली' म्हणजे अक्षर सुवाच्य आहे. आणि 'हार्ड' व 'हार्डली' यांची गफलत तर पुरती उलटी पडते. 'द व्हिलेज वॉज हार्ड हिट बाय द ड्रॉट' म्हणजे दुष्काळाने गाव होरपळले, 'हार्डली हिट' म्हणजे गावाला झळ जवळजवळ लागलीच नाही. मदतीच्या अर्जात दुसरे लिहिले तर मदत नाकारायला अधिकाऱ्याला अर्जदारानेच कारण पुरवले म्हणायचे.

'बाय'बद्दल. मराठीत कर्त्याला 'ने' आणि हत्यारालाही 'ने': चोराने सुरीने वार केला. इंग्रजीत करणारा 'बाय'ने आणि साधन 'विथ'ने येते: 'ही वॉज स्टॅब्ड बाय अ थीफ विथ अ नाइफ'. 'ही वॉज हिट बाय अ स्टोन' यात दगड डोंगरावरून सुटून आलेला असू शकतो. 'हिट विथ अ स्टोन' म्हटले की दगडामागे एक हात उभा राहतो. फिर्यादीचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने इथे अंदाजपंचे 'बाय' ठोकू नये. 'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम' यांसाठी मात्र मराठीच कामाला येते. लाकडा'ची' खुर्ची, दुधा'पासून' दही. खुर्चीत लाकूड दिसते, तिथे 'ऑफ'. दह्यात दूध ओळखू येत नाही, तिथे 'फ्रॉम'. 'नोन'ला चार शेपटे: ओळखीचा असेल तर 'टू', कशासाठी प्रसिद्ध असेल तर 'फॉर', अमुक म्हणून असेल तर 'ॲज', आणि कशावरून ओळखता येत असेल तर 'बाय'. 'मॅरीड विथ' नको, 'मॅरीड टू'. दवाखान्यात 'ॲडमिटेड इन' नको, 'ॲडमिटेड टू'.

'बाय'चा कर्त्याशी संबंध नसलेला अर्थही असतो. 'द बॉडी वॉज फाउंड बाय द रिव्हर' म्हणजे मृतदेह नदीकाठी सापडला, नदीने शोधून काढला नाही. मुदतीचा 'बाय' आपल्याला जास्त छळतो, कारण मराठीत एकच 'पर्यंत' दोन कामे करतो. '३१ मार्चपर्यंत अर्ज स्वीकारले जातील' यात क्रिया त्या दिवसापर्यंत चालू राहणार, म्हणून 'विल बी ॲक्सेप्टेड अंटिल'. '३१ मार्चपर्यंत अर्ज दाखल करावा' यात क्रिया एकदाच, त्या दिवसाच्या आत होणार, म्हणून 'मस्ट बी सबमिटेड बाय'. 'सबमिटेड टिल' असे लिहिलेली नोटीस म्हणजे अर्ज त्या तारखेपर्यंत सतत देत राहा, असा शब्दशः अर्थ.

सरकारी पत्रांचे इंग्रजी हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यातला एकच नमुना देतो. 'कळविण्यात येते की' याचे 'इट इज इन्फॉर्म्ड दॅट' होते. मराठी वाक्यात कोणाला कळवले ते नसले तरी चालते. 'इन्फॉर्म'ला मात्र माणूस लागतोच, आणि पॅसिव्हमध्ये तोच पुढे येतो: 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट'. बातमी पुढे आणायची तर 'इट इज अनाउन्स्ड दॅट' म्हणावे. याच्या नेमके उलट 'एक्सप्लेन' आणि 'सजेस्ट'. तिथे माणूस पुढे येत नाही. 'ही वॉज एक्सप्लेन्ड द रूल' चूक, 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू हिम' बरोबर. पदवीदान समारंभाच्या वृत्तांतात 'शी वॉज कन्फर्ड विथ ॲन ऑनररी डॉक्टरेट' असे येते. 'कन्फर विथ' म्हणजे सल्लामसलत करणे! डॉक्टरेट 'कन्फर्ड ऑन हर' होते, किंवा सरळ 'शी वॉज अवॉर्डेड'.

आता भाषांतराच्या टेबलाकडे येतो. तिथे चूक झाली तर ती हजारो घरांत छापील जाते. 'लोन्स वेअर रिटन ऑफ' याचे 'कर्जे माफ केली' असे भाषांतर सर्रास होते. 'राइट ऑफ' ही हिशेबातली नोंद आहे. बुडीत धरलेले कर्ज बँक ताळेबंदातून काढते, कर्जदाराची देणेदारी त्याने संपत नाही आणि वसुलीची कारवाई चालू राहू शकते. त्याला 'निर्लेखित' हा मराठी शब्द आहे. माफीला इंग्रजीत 'वेव्ह्ड'. या एका शब्दावरून चौकाचौकात किती भांडणे झाली असतील!

न्यायालयाच्या बातम्यांत 'डाउन' आणि 'ऑफ' यांच्याकडे बारीक लक्ष लागते. 'अ लॉ वॉज स्ट्रक डाउन' म्हणजे कायदा घटनाबाह्य ठरवून रद्दबातल केला. 'हिज नेम वॉज स्ट्रक ऑफ' म्हणजे पटावरून किंवा यादीतून नाव काढले. आणि 'रीड डाउन' म्हणजे कलम ठेवले, पण त्याचा अर्थ आकसून घटनेत बसेल एवढाच केला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ 'रीड डाउन' केले. प्रौढांचे परस्परसंमतीचे खासगी संबंध त्यातून बाहेर काढले, बाकीचे कलम जागेवर राहिले. तीनच आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम ४९७ 'स्ट्रक डाउन' झाले. त्यात काहीच उरले नाही. या दोन्हींना 'रद्द' हा एकच शब्द वापरला की पहिल्या निकालाबद्दल वाचकाला चुकीची माहिती मिळते. 'द ऑर्डर वॉज सेट असाइड' हेही 'आदेश बाजूला ठेवला' नव्हे, 'आदेश रद्द ठरवला'. नुसता थांबवला असेल तर तो 'स्टेड' असतो.

'वर्कर्स वेअर लेड ऑफ' हे देशानुसार बदलते. अमेरिकेतल्या बातमीत बहुधा नोकरी गेली असा अर्थ. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत मात्र ले-ऑफ झालेल्या कामगाराचे नाव मस्टरवर असे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, यंत्र बंद पडले, अशा कारणांनी मालक त्याला काम देऊ शकत नसे, एवढेच. भरपाईची तरतूद मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या बेरजेच्या निम्मी होती. कामावरून कायमचे काढणे याला त्या कायद्यात 'रिट्रेंचमेंट' हा वेगळा शब्द होता. म्हणून सरसकट 'कामगारकपात' लिहिण्याआधी बातमी कुठली आहे ते पाहावे.

शेपूट धरून ठेवलेले व्ही-थ्री कधी कधी विशेषणही बनते, पुढे 'अन' लावून. 'कॉल फॉर' पासून 'अनकॉल्ड-फॉर', म्हणजे अनाठायी. 'हिअर ऑफ' पासून 'अनहर्ड-ऑफ', न भूतो. नामाच्या आधी आले तर मधे जोडरेषा, वाक्याच्या शेवटी आले तर बहुधा नाही. पाणीपुरवठ्याच्या अहवालांत 'अनअकाउंटेड-फॉर वॉटर' असा शब्द येतो. शुद्धीकरण केंद्रातून सोडलेले पण बिलात कुठेच न सापडणारे, म्हणजे हिशेबाबाहेरचे पाणी. ते सगळे 'वाया गेलेले' नसते. गळतीबरोबर चोरीचे नळ आणि बिघडलेली मीटरेही त्यात येतात.

'अकाउंटेड फॉर'चाच एक अर्थ अपघाताच्या बातम्यांत येतो, आणि तिथे तरी आपल्या उपसंपादकांनी क्षणभर थांबावे. 'ऑल फोर्टी पॅसेंजर्स हॅव बीन अकाउंटेड फॉर' याचे 'चाळीसही प्रवासी सुखरूप' असे भाषांतर करण्याचा मोह होतो. वाक्य एवढेच सांगते की चाळीसांपैकी प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला आहे, कोणी बेपत्ता नाही. त्यांतले किती जण रुग्णालयात आहेत आणि किती शवागारात, हे त्या वाक्यात नाही.

आपले,
इंग्रजी व भाषांतर शिकवणारे काही शिक्षक,
सातारा